सातबाऱ्यावरची लेक

"खरं नाव काय?" ऑफिसातल्या बाईनं मला तिसऱ्यांदा विचारलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"योगिनी सखाराम शिंगाडे."

"तसं नाही हो. खरं."

म्हणजे मी समोर उभी राहून सांगतेय ते खोटं, आणि चौतीस वर्षांमागं बानं पिंपळाखाली नवस फेडताना ठेवलं ते खरं. पूर्वीचं नाव फॉर्मवर लिहायचं असतं, ते मी लिहिलं होतं. मुंजाबा. स्वच्छ अक्षरात. पण बाईला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी कामं थांबवून माना वर केल्या होत्या. फुकटचा तमाशा कोण सोडतं?

"मॅडम, फॉर्मवर लिहिलंय," मी म्हणले. "वाचता येत नसंल तर मी वाचून दाखवते. पण मग सगळंच वाचीन, कायद्यात काय लिहिलंय ते पण. मोठ्यानं."

तिनं गुपचूप शिक्का मारला. कोणतं ऑफिस ते सांगत नाय, उगाच कशाला. अशी सात-आठ ऑफिसं झाली. आधी प्रतिज्ञापत्र, मग ओळखपत्र, मग ऑपरेशन, मग दवाखान्याचा कागद लावून दुसरं प्रमाणपत्र, मग गॅझेट, मग आधार, पॅन, बँक. दोन वर्षं गेली. वाळूजच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे, पार्टला गेज लावायचा आणि ओके का रिजेक्ट ते सांगायचं. सगळ्या सुट्ट्या ह्या कागदांनी खाल्ल्या. ज्या दिवशी गेटपासवर योगिनी छापून आलं त्या दिवशी मी लाईनवर पेढे वाटले, आणि ज्यानं पेढा खाऊन दात काढले त्याचे पार्ट आठवडाभर बारीक डोळ्यानं तपासले. हो, तपासले. मी काय देवी नाय.

एक कागद राहिला होता. बाचा सातबारा.

बा गेला त्याला वर्ष झालं. खुलताबादच्या पलीकडं आमचं गाव, धनगराची घरं, माळावर पावणेचार एकर. बानं जन्मभर मेंढरं वळली आणि मधल्या वेळात ती माती नांगरली. तो गेला तेव्हा धाकट्या भावाचा, शिवशंकरचा, फोन आला. "यायचं तर पँट-शर्ट घालून ये. लुगड्यात येणार असशील तर येऊ नको." मी साडी नेसून गेले आणि रस्त्यावरच्या पुलाशी उभी राहिले, तिथून जाळ दिसत होता. मला कोणी हाकललं नाय आणि कोणी बोलावलंही नाय. मायनं एकदा पुलाकडं बघितलं आणि मान फिरवली.

बा तसा नव्हता. एकदाच आला बजाजनगरला, माझ्या खोलीवर. आत यायला लाजला. उंबऱ्यात बसून चहा प्याला, चपला घातल्या आणि जाताना म्हणाला, "नाव चांगलं ठेवलंस." बस. एवढंच. त्या एवढ्यावर मी चार वर्षं काढली.

म्हणून मला तो सातबारा पायजे होता. जमीन कसायला नाय, मला बैल धरता येतो पण आता कोण धरतंय. मला बाच्या नावाखाली माझं नाव पायजे होतं. ही सखारामची लेक, असं सरकारनं एकदा लिहावं, मग बाकीच्यांनी काय बोलायचं ते बोलावं. वारस लावायला घरच्यांचं प्रतिज्ञापत्र लागतं, म्हणून शिवशंकरला फोन केला. "आमच्या घरात योगिनी नावाचं कोणी नाय," म्हणाला आणि कट केला. मी परत लावला. परत कट. अकरा वेळा लावला मी, शेवटी त्यानं नंबर ब्लॉक केला, मेल्यानं.

आणि दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी, दारात उभा. हातात पिशवी.

"आक्का," म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा त्यानं मला आक्का म्हटलं होतं. आत आला, खाली बसला, पिशवीतनं साडी काढली, हिरवी, जांभळ्या काठाची, वर खण, हळदीकुंकवाची पुडी. स्वतःच्या हातानं मला कुंकू लावलं आणि साडी ओटीत घातली. "मी लई चुकलो, आक्का. बाची लेक हायस तू. तुझं नाव सातबाऱ्याला लागलंच पायजे. मी समदं करतो, तू फक्त ये."

मी रडले. ढसाढसा. दहा वर्षांचा राग त्या पोरानं अडीचशे रुपयाच्या साडीत गुंडाळून नेला आणि मी नेऊ दिला. पोहे केले, वर खोबरं घातलं, खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले.

रत्नमाला माझ्या शेजारच्या खोलीत राहते, माझ्याच लाईनवर आहे. मूळची कन्नडकडची, तिला दोन भाऊ. तिला मी साडी उलगडून दाखवली. तिनं काठाला हात लावला आणि विचारलं, "कशाची साडी म्हणला?"

"कशाची म्हणजे? भावानं बहिणीला आणली."

"दिवाळी नाय, काय नाय. जमिनीचं काही बोलला का?"

"तुझ्या भावानं तुला आणली नाय म्हणून जळतेस व्हय गं?"

ती खाली बसून भांडी घासायला लागली. मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाय. माझं तोंड असं आहे. आधी सुटतं, मग कळतं.

गावात तलाठी मॅडम आल्या, चावडीसमोर खुर्ची टाकून बसल्या. तरुण होत्या, कामाच्या होत्या. माझं आधार बघितलं, गॅझेट बघितलं, एकही वाकडा प्रश्न नाय. फक्त म्हणाल्या, "आधीच्या अर्जात तुमचं नाव सुटलं होतं. रेशनकार्डावर मुंजाबा दिसला म्हणून मी ह्यांना विचारलं, हा कुठंय? मयत असेल तर दाखला आणा, जिवंत असेल तर माणूस आणा."

सुटलं होतं. मी शिवशंकरकडं बघितलं. तो चावडीच्या पत्र्याकडं बघत होता. मला तिथंच कळायला पायजे होतं. कळलं पण, खोटं कशाला बोलू? पण मी ते गिळलं, कारण मॅडम लिहीत होत्या आणि काय लिहीत होत्या ते मला उलटं वाचता येत होतं. "मयत सखाराम यांना पत्नी दगडाबाई, मुलगी योगिनी व मुलगा शिवशंकर असे तीनच वारस असून..." मुलगी. निळ्या शाईत.

"मुंजाबा आणि योगिनी ही एकच व्यक्ती आणि ती सखारामची मुलगी, असा जबाब कोण देतंय?" मॅडमनी विचारलं.

शिवशंकरनं पहिली सही केली. मग पोलीस पाटील सर्जेराव पुढं आले. हेच सर्जेराव दहा वर्षांमागं बाला म्हणाले होते, "हे सोंग गावात नको, लेकरंबाळं बिघडतेत." तेच आता चष्मा पुसून म्हणाले, "व्हय व्हय. आमच्या अंगाखांद्यावर वाढली की पोरगी." आणि ठोकली सही. मग शेजारचे नानासाहेब, मग चुलते, मग आणखी दोघं. रांग लावून सह्या केल्या. मला वाटलं, माणसं बदलतात. येडी मी. माणसांना शिवशंकरनं आधीच घरोघर फिरून सांगितलं होतं की सही करा, म्हणजे पुढचं सोपं होतंय. पुढचं काय, ते फक्त मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी मायनं जेवायला वाढलं. बोलली नाय, पण न विचारता तिसरी भाकर टाकली ताटात.

महिनाभरात फेरफार मंजूर झाला. मी क्रांती चौकातल्या एका दुकानात सातबाऱ्याची प्रिंट काढली आणि तिथंच फुटपाथवर उभी राहून वाचली. दगडाबाई सखाराम शिंगाडे. योगिनी सखाराम शिंगाडे. शिवशंकर सखाराम शिंगाडे. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ मैडम, हौले हो गए क्या, बाजू हटो!" येडी झालीस का, म्हणत होता. मी त्याला हसून हात केला. एरवी त्याची सात पिढ्यांची चौकशी केली असती.

पुढच्याच बुधवारी शिवशंकरचा फोन. "आक्का, रजिस्ट्री ऑफिसात एक सही राहिली. तेवढी झाली की समदं पक्कं. मायबी येतेय."

मी तीच हिरवी साडी नेसून गेले.

माय बाकड्यावर बसली होती. दस्त लिहिणारा माणूस फाईल घेऊन घाईत होता, "ताई, तिथं, तिथं आणि मागच्या पानावर, फोटोचं टोकन लागलंय." पेन माझ्या हातात कोंबला. पण मी आयुष्यात न वाचता पार्ट पुढं सोडला नाय, कागद कसा सोडीन? वाचलं. वर ठळक अक्षरात, हक्कसोडपत्र. खाली, आम्ही लिहून देणार दगडाबाई व योगिनी, राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय, सदर जमिनीवरील आमचा संपूर्ण हिस्सा भाऊ व मुलगा शिवशंकर यास कायमचा सोडून देत आहोत.

दोनदा वाचलं.

"हे काय आहे, शिवा?"

"रीत हाय, आक्का. बहिणी हक्क सोडतेत." असं म्हणाला जसं मीठ संपलंय म्हणावं. "रस्त्याकडंचा तुकडा एक ढाबेवाला मागतोय. समद्यांच्या सह्या लागतेत."

"मला कधी सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? साडी घेतलीस की."

"साडीचा काय संबंध?"

आता त्यालाच नवल वाटलं. खरंच वाटलं, नाटक नव्हतं ते. "हक्कसोडीची साडी व्हती ना ती. दिवाळी नाय, लगीन नाय, भाऊ एकाएकी साडी आन खण घेऊन आला तर कशाला आला? शेंबड्या पोरीलाबी कळतंय. तू कुंकू लावून घेतलंस, ओटीत घेतलीस. म्हणजे झालंच ना कबूल?"

शेंबड्या पोरीला कळतंय. व्हय, कळत असंल! पण मी शेंबडी पोर म्हणून वाढले का? मला बाबरोबर मेंढरामागं धाडलं. मला लोकर कातरता येते, लांडग्याची चाहूल लागते, पावसाच्या आधी मेंढरांचा वाडा हलवता येतो. चुलीपाशी बसून माय आणि आत्या पोरींच्या कानात काय सांगतात, ते मला कोणी सांगितलं? साडी नेसायला मी शिकले मोबाईलवर बघून, बंद खोलीत, चाळीसदा सोडून चाळीसदा नेसून. कोणती साडी घ्यायची आणि कोणती फेकून मारायची, हे तिथं कोणी शिकवत नाय. रत्नमालाला माहीत होतं. ती सांगायला आली तर मी तिलाच फाडून खाल्लं.

"मला नव्हतं माहीत," मी म्हणले. "आणि असतं तरी सही केली नसती."

तेव्हा माय बोलली. पहिल्यांदा. बाकड्यावरनं उठून माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "कर गं सही, लेकी."

लेकी. दहा वर्षं मी त्या एका शब्दासाठी झुरले. आजारी पडले तेव्हा, ऑपरेशन झालं तेव्हा, त्या पुलाशी उभी होते तेव्हा. आणि तो आला कधी, तर हातात पेन देताना.

"माय, तू पण?"

"बाई झालीस ना? मंग बाईवानी वाग. म्या सोडलं, तुझ्या आत्यानं सोडलं, माझ्या बहिणीनं सोडलं. बाईनं भावाच्या दारात दोन येळा जावं, साडीचोळी घ्यावी आन परत यावं. जमिनीला कुठं हात लावती बाई?"

ऑफिसातल्या बाईला मी कायदा वाचून दाखवला असता. मायला काय दाखवू? मला इतका राग आला की डोळ्यांसमोरची भिंत हलली. मुलगा होते तोवर तिसरा हिस्सा न मागता माझा होता, कोणी साडी आणली नसती, कोणी आक्का म्हटलं नसतं. मुलगी झाले तर आधी मेलेली, मग सुटलेली, आणि मग एकदम सगळ्यांची लाडकी, का, तर मुलगी सोडून देते म्हणून. मला लेक म्हणायला त्यांना काही जड गेलं नव्हतं. लेक स्वस्त पडत होती.

मी पेन टेबलावर ठेवला. "नाय करणार."

"आक्का, माणसं बघतेत."

"बघू दे."

आत साहेबांच्या टेबलावरनं आवाज आला, "लिहून देणार राजीखुशीनं देतायत ना?"

"नाय!" मी ओरडले. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. "राजी पण नाय आणि खुशी पण नाय!"

मग शिवशंकरचा मुखवटा गळाला. आक्का गेली, साडी गेली. "हिजड्या," म्हणाला, सगळ्यांसमोर, थुंकी उडवत. "तुला काय वाटलं, कागदावर बाई झालास म्हणजे झालास? मी आत्ता तलाठ्याकडं जातो आन सांगतो, ही आमची लेक नायच."

मला हसू आलं. खरं सांगते, रागाच्या भरात हसू फुटलं. "जा की. आत्ताच जा. पण जबाबावर पहिली सही तुझी आहे, शिवा. दुसरी पोलीस पाटलाची. अख्ख्या गावानं शपथेवर लिहून दिलंय की योगिनी ही सखारामची लेक आहे. माझ्याच्यानं हे दहा वर्षांत झालं नसतं, तू एका दिवसात केलंस. आणि साडीचं म्हणशील, तर धुऊन, इस्त्री करून पाठवते. पावती घे."

त्यानं हात उगारला. दस्तवाल्यानं मधेच धरला. "भाऊ, कॅमेरे आहेत इथं. त्यांचं राहू द्या, आईचं एकटीचं पत्र करू आधी. दहा मिनिटात टाईप करून देतो." शिवशंकर माझ्या अंगावर नजर फेकून त्याच्यामागं गेला.

मी बाहेर आले. पायऱ्यांवर बसले. विजय-बिजय काही वाटत नव्हता. मला मायची हाक ऐकू येत होती आणि तिचा राग येत होता. बापाच्या मयताला मान फिरवलीस, चालेल. पण लेक म्हणून लुटायला आलीस तू, तू पण.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. माझ्यापासून एक पायरी वर बसली. मी वळले नाय.

"म्या सतरा वर्साची व्हते," ती म्हणाली. "भावानं बैलगाडीत बसवून नेलं. कचेरीत बसवलं, अंगठा धरला आन टेकवला. मंग भज्याच्या दुकानात नेलं, भजी खाऊ घातली. लई चांगली व्हती भजी."

मी साडीच्या काठाचा सुटलेला दोरा ओढत राहिले.

"मला वाटलं, ते इचारत नसतेत. असंच असतंय. दाढ काढतेत तसं, आपण तोंड उघडायचं." तिनं पदर सारखा केला. "आज तू नाय म्हणलीस."

"हं."

"नाय म्हणलं तर चालतं व्हय?"

मी वळून बघितलं. ती टोमणा मारत नव्हती. पासष्ट वर्षांची बाई, तीन पोरं जन्माला घालून एक पुरलेली, नवरा जाळलेली, मला खरंखुरं विचारत होती, बसचा टाइम विचारावा तसं. माझा सगळा राग होता तिथंच होता, फक्त आता तो कोणावर काढायचा ते कळेना.

"चालतं," मी म्हणले.

"मंग काय करतेत?"

"काय नाय करत, माय. पुढच्याचं टोकन घेतात."

"बास?"

"बास."

ती तशीच बसून राहिली, साहेबलोकांच्या दारासमोरच्या चपलांकडं बघत. आतून पुकारा झाला, "दगडाबाई सखाराम शिंगाडे!" शिवशंकर दारात आला, हातात नवा, गरम कागद. "चल माय, उठ. उशीर व्हतोय."

माय उठली नाय.

"नाय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की शिवशंकरनं "काय?" केलं.

"नाय येत म्या." आणि मग माझ्याकडं वाकून, हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "असंच म्हणायचं ना, लेकी?"